अमेरिकेतला पहिला हॅलोविन: पोरांच्या वेशाचा खर्च कसा बसवायचा

आमच्या पहिल्या हॅलोविनला मी दोन पोरांच्या वेशांवर १३७ डॉलर घालवले. रात्री साडेआठला घरी परतलो तेव्हा राजकन्येच्या झग्याची शिवण काखेत उसवली होती, विग कुणाच्या तरी अंगणातल्या झुडपात राहिला होता आणि डायनॉसॉरने स्वतःच्याच शेपटावर पाय देऊन ते अर्धं तोडलं होतं. हिशेब असा: झगा ४५, विग १८, जादूची कांडी ९, चमचमते बूट २२, डायनॉसॉर ३५ आणि चॉकलेटं गोळा करायच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या ८. म्हणजे मुख्य वेश ८० डॉलरचे आणि वरची फोडणी ५७ची.

त्याला आता आठ वर्षं झाली. दर सप्टेंबरात आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर नव्याने आलेली एखादी आई विचारतेच, "इथे लोक कॉस्च्युमवर साधारण किती खर्च करतात हो?" मग पंधरापासून दीडशेपर्यंत वीस-पंचवीस उत्तरं येतात आणि ती बिचारी आधी होती त्याहून जास्त गोंधळते. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

ज्यांना हा प्रकार अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पोरं सोंगं घेऊन दारोदार जातात, "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणतात आणि घरवाले त्यांच्या पिशवीत चॉकलेट टाकतात. दारावरचा दिवा लागलेला असला तर जायचं, विझलेला असला तर मुकाट्याने पुढचं घर गाठायचं. कोकणातल्या मंडळींनी शिमग्याची सोंगं आणि त्यांचं पोस्त आठवावं, म्हणजे निम्मं समजलं.

पायरी १: आधी आकडा, मग दुकान

अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांची नॅशनल रिटेल फेडरेशन नावाची संघटना दर वर्षी सप्टेंबरात लोकांना विचारते की यंदा हॅलोविनला किती खर्च करायचा विचार आहे. २०२३ साली उत्तरांवरून निघालेला एकूण अंदाज १,२२० कोटी डॉलरचा होता. त्यातले ४१० कोटी वेशांचे: मोठ्यांचे २०० कोटी, मुलांचे १४० कोटी आणि कुत्र्यामांजरांचे ७० कोटी. हो, कुत्र्यामांजरांचे. मोठी माणसं स्वतःच्या वेशावर पोरांपेक्षा जास्त खर्च करतात, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोटंच वाटलं होतं. २०२४ साली एकूण आकडा १,१६० कोटींवर आला आणि मुलांच्या वेशांचा १३० कोटींवर.

बातम्यांत मात्र यातला एकच आकडा गाजतो: २०२३ साली माणशी १०८ डॉलर, २०२४ साली १०४. नवीन आलेली आई तो वाचते आणि समजते की एका पोराच्या वेशाला शंभर लागतात. तसं नाही. त्या शंभरात चॉकलेटं आली, अंगणातले सांगाडे आणि भोपळे आले, शुभेच्छापत्रं आली, बाबांचा वेश आला. शिवाय हा सप्टेंबरातला बेत आहे, नोव्हेंबरातली बिलं नव्हेत.

त्यापेक्षा साधा भागाकार करा. अमेरिकेत १८ वर्षांखालची मुलं सव्वासात कोटींच्या आसपास आहेत. १४० कोटी डॉलर त्यांच्यात वाटले तर डोक्यामागे १९ ते २० डॉलर पडतात. तान्ही बाळं आणि "मी नाही असलं काही घालणार" म्हणणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं वगळली तरी सोंग घेणाऱ्या पोरामागे खर्च पंचवीस-तिशीच्या घरातच असावा, असा माझा अंदाज. दुकानातल्या भिंतीवर ६० डॉलरचा वेश टांगलेला दिसला की "सगळे हाच घेत असतील" असं वाटतं, पण हिशेब तसं सांगत नाही.

माझा सल्ला: पहिल्या वर्षी एका पोरामागे ३५ डॉलरची मर्यादा ठेवा, *सगळं धरून*. सगळं म्हणजे वेश, आतले लेगिंग्ज, बूट, तोंडाचा रंग, हातातलं काय ते, आणि पिशवी. आकडा कागदावर लिहा आणि पोरालाही सांगा. सहा वर्षांच्या पोरीला "आपल्याकडे पस्तीस आहेत, झग्याला तीस गेले तर कांडीला पाच उरतात" हे व्यवस्थित कळतं. माझ्या लेकीला कळलं होतं, दुसऱ्या वर्षी. तिने कांडी सोडली आणि मुकुट घेतला.

आणि कृपा करून रुपयात गुणाकार करू नका. पस्तीस डॉलर म्हणजे तीन हजार रुपये, म्हणजे गावाकडे दिवाळीत दोघांचे कपडे झाले असते, हे गणित पहिली दोन वर्षं प्रत्येकजण करतो. त्याने खर्च कमी होत नाही, फक्त तोंड वाकडं होतं आणि ते पोराला दिसतं.

पायरी २: वेश अंगावर कितीदा चढणार ते मोजा

लोक ३१ तारखेचाच विचार करतात. प्रत्यक्षात शाळेची मिरवणूक असते, गावच्या ग्रंथालयात कार्यक्रम असतो, मॉलमध्ये दुकानदार चॉकलेटं वाटतात, चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून "ट्रंक ऑर ट्रीट" होतं, बाबांच्या ऑफिसात पोरांना बोलावतात. आमच्याकडे एका वर्षी तोच मधमाशीचा वेश सहा वेळा बाहेर पडला. सहा वेळा घातलेला ३० डॉलरचा वेश स्वस्त आहे. एकदा घातलेला १५ डॉलरचा तितका स्वस्त नाही.

त्यामुळे सप्टेंबरअखेर शाळेतून येणारं पत्र पूर्ण वाचा. कितीतरी शाळांत मुखवटा चालत नाही, तलवार-बंदूक चालत नाही, रक्ताचे डाग चालत नाहीत. काही शाळांनी हॅलोविन साजरं करणंच बंद केलंय आणि त्याजागी सुगीचा साधा कार्यक्रम ठेवलाय. मुखवट्यावरच उभा असलेला वेश घेतला आणि शाळेने मुखवटा बंद केला, की शाळेसाठी दुसरा काहीतरी जुगाड आलाच.

इथे एक मजेशीर गोष्ट सांगायला हवी. हे पाकिटातले वेश इतके तकलादू का असतात, याचं उत्तर थोडंफार जकातीच्या कायद्यात सापडतं. रुबीज ही वेश बनवणारी इथली मोठी कंपनी. तिचं म्हणणं होतं की परदेशातून येणारे असे वेश म्हणजे कपडेच आहेत, तेव्हा त्यांवर कपड्यांची जकात लावा. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि २००३ साली निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. तलम कापडाचे, जुजबी शिवणीचे, सणापुरते घालायचे असे वेश ही सणाची वस्तू आहे, रोजचा कपडा नव्हे, असं ठरलं. सणाच्या वस्तूवर ती जकात नव्हती. म्हणजे वेश जितका तकलादू, तितका तो त्या वर्गात बसायला सोपा! माझ्या लेकीच्या काखेतली उसवण कायद्याच्या चौकटीत बसणारीच होती.

यावरून करायचं काय, तर पाकीट फोडलं की वेश उलटा करा आणि काखेत, पायांच्या मध्ये आणि वेल्क्रोच्या कडेला दुहेरी टीप मारा. मशीन नसेल तर हातशिलाईने मारा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

पायरी ३: पोराला विचारा, पण लवकर नको

दुकानांत वेश ऑगस्टातच लागतात. गोदामासारख्या मोठ्या दुकानांत तर वह्यापुस्तकांच्या शेजारीच. तेव्हा घेऊ नका. ऑगस्टात फायर फायटर व्हायचं असलेल्या पोराला ऑक्टोबरात शार्क व्हायचं असतं. आणि अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर चार ते सहा वर्षांच्या मापाचं काहीच उरत नाही, उरतात ते केळ्याचे वेश. आमच्या घरात आता नियम आहे: २० सप्टेंबरला पहिली चर्चा, १ ऑक्टोबरला शपथ, १० ऑक्टोबरच्या आत खरेदी. शपथेनंतर मन बदललं तर नवीन वेश स्वतःच्या गल्ल्यातून.

"काहीतरी वेगळं कर ना" असा आग्रह मात्र धरू नका. नॅशनल रिटेल फेडरेशनच्या पाहणीत मुलांची पहिली पसंती २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी स्पायडरमॅनलाच होती, दोन्ही वेळा वीस लाखांहून जास्त पोरांसाठी. मागोमाग राजकन्या आणि भुतं. तुमच्या लेकाच्या वर्गात चार स्पायडरमॅन असतील आणि चौघांनाही त्याचा आनंदच होईल. वेगळेपणाची हौस आपल्याला असते. आपण शाळेतल्या फॅन्सी ड्रेसवर वाढलो. तिथे परीक्षक असायचे, नंबर यायचा, भाजीवाली झालेल्या पोरीला टोपलीत खरी मेथी द्यायला आई पहाटे मंडईत जायची, वासुदेवाला चार ओळी पाठ म्हणायला लागायच्या. इथे नंबर नाही आणि पाठांतरही नाही. (आयोवातलं डे मॉइन गाव त्याला अपवाद. तिथे पोरांनी दारात एक विनोद सांगायचा, मग चॉकलेट. तिथे राहणाऱ्यांनी खर्च कमी करून विनोदाची तालीम वाढवावी.)

नवखे लोक घाबरतात ते वेश साधा पडेल म्हणून. दार उघडणारी आजी तुमच्या पोराकडे जास्तीत जास्त दहा सेकंद बघणार आहे आणि दर वेळी "ओ माय, यू लुक सो क्यूट!" म्हणणार आहे. सत्तर डॉलरच्या वेशाला आणि पांढऱ्या चादरीला तेच वाक्य मिळतं.

पायरी ४: आणायचं कुठून

फुकटापासून सुरुवात करा. बाय नथिंग नावाचे परिसरातले देवाणघेवाणीचे ग्रुप असतात. २०१३ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर ही कल्पना निघाली आणि आता बऱ्याच गावांत आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे लिहा: "वय ५, माप ५टी किंवा स्मॉल, काहीही चालेल." भीक मागितल्यासारखं वाटतं, मला माहितीये. मलाही वाटलं होतं. पण देणारीच्या घरात तीन वर्षांचे वेश कपाटात कोंबलेले असतात आणि कुणी घेऊन गेलं तर तिची सुटका होते. आपल्याकडे मावसबहिणीचा परकर-पोलका आपण घालायचोच की.

त्यानंतर जुन्या वस्तूंची दुकानं. गुडविलसारख्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये ५ ते १२ डॉलरमध्ये वापरलेले वेश मिळतात. मुलांचे जुने कपडे विकणारं वन्स अपॉन अ चाइल्डही बघा. सोमवार-मंगळवारी सकाळी जा. शनिवारी सगळं विस्कटलेलं असतं. आणि फक्त वेशांच्या रांगेत शोधू नका. तपकिरी कॉर्डरॉयची पँट, चौकड्यांचा शर्ट आणि गवती टोपी हा बुजगावण्याचा पूर्ण संच निरनिराळ्या तीन रांगांत पडलेला असतो.

नवीनच हवा असेल तर टार्गेट, वॉलमार्ट किंवा कॉस्टकोमध्ये पाकीटबंद वेश १५ ते ४० डॉलरच्या दरम्यान मिळतो. नावाजलेल्या पात्राचा वेश त्याच कापडाचा असून दहा-पंधरा डॉलरने महाग असतो, कारण तुम्ही नावाचे पैसे मोजत असता. काळा टाइट ड्रेस आणि मांजरीचे कान घेतले तर कुणाचं नाव नसलेली मांजर स्वस्तात होते.

स्पिरिट हॅलोविन या हंगामी दुकानाबद्दल वेगळं सांगते, कारण पोरं तिथेच ओढत नेतील. बंद पडलेल्या मोठ्या दुकानांच्या रिकाम्या जागेत हे ऑगस्टच्या सुमारास उगवतं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला गायब होतं. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅस्ट्रो व्हॅलीत सुरू झालं, आता दर हंगामात दीड हजाराच्या आसपास दुकानं लागतात. आत किंचाळणारे, डोळे लुकलुकवणारे पुतळे असतात. तीन वर्षांखालच्या पोराला नेऊ नका, रात्री झोपणार नाही. पाहायला जरूर जा, कल्पना घ्यायला जा, पण विकत घ्यायच्या आधी फोनवर कुपन शोधा. एका वस्तूवर सूट देणारं कुपन बऱ्याचदा सापडतं. आणि बिलामागे परतीची तारीख वाचा. हंगामी दुकानांत ती हॅलोविनच्या आधीच संपू शकते.

जुन्या मैत्रिणींनी पार्टी सिटी या पार्टीच्या सामानाच्या दुकानाचं नाव सुचवलं तर ती शोधत फिरू नका. कंपनीने २०२४च्या डिसेंबरात आपली दुकानं बंद करायचं जाहीर केलं. कापडासाठी प्रसिद्ध असलेलं जोॲनही २०२५च्या मेअखेर बंद झालं. फेल्ट, इलॅस्टिक, चिकट गोंद असल्या सामानासाठी आता मायकल्स, हॉबी लॉबी किंवा वॉलमार्टचा शिवणकामाचा कोपरा.

ऑनलाइन घेणार असाल तर फोटोवर भाळू नका, परीक्षणांतले *पालकांनी काढलेले* फोटो बघा. फोटोतल्या मुलीचा घेरदार झगा आतल्या कॅनकॅनमुळे घेरदार दिसतो आणि तो कॅनकॅन बऱ्याचदा पाकिटात नसतो. "समाविष्ट" म्हणून जी यादी असते तीच खरी. बूट, मोजे, विग, तलवार यांतलं काय आत आहे आणि काय फक्त फोटोत आहे, हे वाचायला अर्धा मिनिट लागतो. माझ्या ५७ डॉलरांतले बरेचसे न वाचलेल्या त्या यादीतच गेले.

पायरी ५: थंडी, अंधार, आग

पैसे कुठे घालावेत असं मला विचाराल तर इथे.

न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो आणि हवा चांगलीच गार झालेली असते. बिनबाह्यांच्या परीच्या झग्यावर आई शेवटी जॅकेट चढवतेच, पोर रडतं, आणि ४५ डॉलर जॅकेटखाली झाकले जातात. म्हणून वेश एक माप मोठा घ्या आणि आत थर्मल घाला. तसंही पाकिटातल्या वेशांची मापं रोजच्या कपड्यांपेक्षा घट्ट निघतात. टेपने छाती आणि उंची मोजा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून बघा, वयावर जाऊ नका. उत्तरेकडच्या राज्यांत राहत असाल तर सरळ फ्लीसचा अंगभर प्राणी घ्या. अस्वल, गाय, काहीही. तो नंतर हिवाळाभर नाइट ड्रेस म्हणून वापरला जातो. आमच्या डायनॉसॉरचं शेपूट तुटलं तरी मुलगा मार्चपर्यंत त्यातच झोपत होता.

लांबी घोट्याच्या वर ठेवा. घोळ पायात आला की पोर पायऱ्यांवरून पडतं, आणि इथल्या प्रत्येक घराला तीन-चार पायऱ्या असतातच. आतून दोन इंच दुमडून हातशिलाई मारली की झालं. बूट रोजचेच घालायला लावा. चमचमते २२ डॉलरचे बूट तिसऱ्या घरापाशी चावायला लागले होते, पुढचे दोन तास लेक माझ्या कडेवर होती.

अंधाराचं गांभीर्याने घ्या. १९७५ ते २०१६ या काळातल्या रस्त्यावरच्या मृत्यूंच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आगेमागेच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांना सर्वाधिक. काळा चेटकिणीचा झगा, काळं मांजर, काळा बॅटमॅन रस्त्यावर दिसतच नाही. परावर्तक चिकटपट्टीचं एक रीळ पाच-सहा डॉलरला मिळतं. पाठीवर, बाह्यांवर आणि पिशवीवर लावा. हातात टॉर्च द्या. गळ्यात चमकणाऱ्या नळ्या डॉलरच्या दुकानात मिळतात आणि पोरांना त्या वेशापेक्षा जास्त आवडतात. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही, म्हणून शक्यतो तोंड रंगवा. रंग आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चट्टा उठला तर वेळेत कळेल. मोठ्या मुली डोळ्यांच्या रंगीत लेन्स मागतात. इथे त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. कुणी विकत असेल तर तिथून पळा.

आणि आग. पायऱ्यांवर कोरलेल्या भोपळ्यांत दिवे असतात, कुठे बॅटरीचे, कुठे खऱ्या मेणबत्त्या. दिवाळीत फुलबाजी पेटवताना "सुती घाल गं, ते चकचकीत नको" म्हणणारी आजी प्रत्येकाच्या घरात होती. तिचा नियम इथे मात्र जसाच्या तसा चालत नाही. ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठीचं इथलं सरकारी खातं सांगतं की वेशावर, विगवर, दाढीवर "फ्लेम रेझिस्टंट" लिहिलेलं लेबल शोधा आणि पातळ, फडफडणारं, मोठ्या बाह्यांचं आणि घोळदार कापड टाळा. दुसरा भाग मात्र आजीने शब्दशः सांगितलाच असता.

गाडीने जाणार असाल तर हवा भरलेला किंवा आत कापूस भरलेला वेश घालून पोराला कारसीटमध्ये बांधू नका, पट्टा घट्ट बसत नाही. तिथे पोचल्यावर घाला.

पायरी ६: घरी बनवायचा असेल तर

घरी केलेलं स्वस्त पडतं हा एक गोड गैरसमज आहे. एका वर्षी मी मोर करायला घेतला. फेल्ट, पिसं, गोंदाची बंदूक, चुकलेलं कापड, पुन्हा आणलेलं कापड, असं करत ५२ डॉलर झाले आणि तीन रात्री गेल्या. मोर सुंदर झाला, हे मान्य. पण पैसे वाचवायला म्हणून शिवायला बसू नका, हौस असेल तर बसा.

स्वस्त पडतो तो खोका. यंत्रमानव, खेळण्यातली वीट, दूरदर्शन संच, वॉशिंग मशीन: खोका इथे कुणाच्याही दारात मिळतो, रंग आणि ॲल्युमिनियम फॉइल मिळून आठ-दहा डॉलर. फक्त दोन गोष्टी करून बघा. खोका घालून पोराला खाली बसता येतं का, आणि त्याला शौचालयात एकट्याला काढता येतो का. शाळेत बाई मदत करतीलच असं धरून चालू नका.

भारतातून येणाऱ्या बॅगेचाही उपयोग होतो. आजी-आजोबा उन्हाळ्यात येणार असतील तर जुना शेरवानी सूट, घागरा, जरीचा दुपट्टा मागवून ठेवा. राजपुत्र आणि राजकन्या त्यातून उत्तम होतात. शिंप्याकडून वेश शिवून आणणारेही आहेत, पण जूनमध्ये घेतलेलं माप ऑक्टोबरात चुकतं, आणि वर सांगितलेलं लेबल त्यावर नसतं. मग घोळ आवरून घ्या आणि मेणबत्त्यांपासून लांब राहा. नऊवारी नेसवून झाशीची राणी करायची का, यावर ग्रुपवर दर वर्षी वाद होतो. माझं मत: पोरीला राणी कोण होती हे माहीत असेल आणि तिला स्वतःला व्हायचं असेल तर जरूर. तिला युनिकॉर्न व्हायचं असताना आपल्या अभिमानापायी नको. तलवार शाळेत नेता येणार नाही, हे आधीच सांगा.

याच ओघात: दुसऱ्यांच्या कपड्यांचं सोंग घेऊ नका. अमेरिकेतल्या आदिवासींचे पिसांचे मुकुट, कृष्णवर्णीय माणूस दिसावं म्हणून तोंडाला फासलेला काळा रंग, हे दुकानात दिसलं किंवा सुचलं तरी नको. इथे त्याला अपमानाचा मोठा इतिहास आहे.

पायरी ७: त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी

पाचला पोटभर जेवायला घाला. वरणभात चालेल, टोमॅटो केचप नको, वेशावर सांडतं. प्लास्टिकच्या बादल्या विकत घेऊ नका. इथल्या पोरांची जुनी रीत उशीचा अभ्रा न्यायची आहे, तो मोठा असतो, तुटत नाही आणि फुकट आहे. सेफ्टी पिनांचं पाकीट आणि चिकटपट्टी खिशात ठेवा. दारं ठोठावायची वेळ बहुतेक गावं जाहीर करतात, गावाच्या वेबसाइटवर बघून घ्या.

१ नोव्हेंबरला सकाळी उरलेला माल निम्म्या किमतीला निघतो. तिथे पात्रांचे वेश घेऊ नका; पुढच्या वर्षी पोराला ते पात्र "बेबीश" वाटणार. पाठीवरचे डगले, पंख, टोकदार काळी टोपी, साध्या रंगाचे टाइट्स घ्या, एक माप मोठे. आमच्या पलंगाखालच्या खोक्यात असलं सामान आहे आणि तिसऱ्या वर्षापासून दोन पोरांचा मिळून खर्च पन्नाशीच्या वर गेलेला नाही, मोराचं वर्ष सोडून.

घातलेला वेश धुऊन, माप चिठ्ठीवर लिहून, बाय नथिंगवर टाका. आमचा डायनॉसॉर मी शेपूट पुन्हा शिवून चार गल्ल्या पलीकडच्या एका घरी दिला. पुढच्या हॅलोविनला साडेसहाच्या सुमारास दार वाजलं, तर तोच समोर उभा, आत दुसरंच पोर. मी चॉकलेट दिलं आणि तो वळल्यावर वाकून बघितलं. टाके टिकले होते.